धग आणि ऊब : रेडिएटरच्या पाण्याचा इतिहास

१

मराठीत उष्णतेसाठी शब्दांची वाण नाही. चुलीची आच असते, भट्टीची धग असते, उन्हाची झळ असते, आणि गोधडीची किंवा आईच्या कुशीची ऊब असते. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. गोधडीला धग नसते आणि भट्टीला ऊब नसते. विज्ञानाने या समृद्ध गोतावळ्यातून दोनच संज्ञा निवडल्या : तापमान आणि उष्णता. पहिली पदार्थ किती तापला आहे ते सांगते, दुसरी त्याच्यापाशी देण्याजोगे किती आहे ते सांगते. तांब्याभर कढत पाण्याचे तापमान अधिक असते, पण हंडाभर कोमट पाण्यात उष्णता जास्त असू शकते. व्यवहारात आपण या दोहोंची सरमिसळ करतो, आणि आपल्या हवामानात त्याने फारसे बिघडतही नाही.

युरोपात मात्र या सरमिसळीने गेली काही वर्षे घरोघरी आणि संसदेतही वाद पेटवला आहे. वादाचा विषय वरकरणी अगदी गद्य आहे. कोळसा, तेल किंवा गॅस जाळणाऱ्या बॉयलरवर चालत आलेले रेडिएटर भिंतीवर तसेच ठेवून, बॉयलरच्या जागी हीट पंप बसवता येईल का? हा नळकारागिराचा प्रश्न आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे. भिंतीवरचा रेडिएटर ही एक वारशाने आलेली संहिता आहे. ती कोणत्या काळात, कोणत्या गरजेपोटी लिहिली गेली हे समजल्याशिवाय तिचे नवे वाचन शक्य होत नाही. शिवाय घर, चूल आणि कुटुंब यांविषयीच्या कितीतरी साहित्यिक कल्पना या इतिहासात गुंतलेल्या आहेत.

२

चूल म्हणजे घर हे समीकरण केवळ आपले नाही. आपण 'वेगळी चूल मांडणे' म्हणतो तेव्हा स्वयंपाकाविषयी नव्हे, कुटुंबाच्या विभागणीविषयी बोलत असतो. लॅटिनमध्ये 'फोकस' या शब्दाचा अर्थ चूल किंवा शेकोटीची जागा. योहानेस केप्लरने १६०४ साली प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात तो भूमितीतल्या नाभिबिंदूसाठी वापरला, आणि आज लक्ष केंद्रित करण्याच्या अर्थाने जगभर वापरला जाणारा शब्द त्यातूनच पुढे आला. घरातील माणसांचे केंद्र जेथे, तेथे अग्नी, ही जाणीव त्या शब्दाच्या पोटात आहे. राज्यकर्त्यांनीही ती ओळखली होती. इंग्लंडमध्ये १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या काळात चूलपट्टी बसवली गेली : प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग. घरात किती शेकोट्या आहेत हे मोजायला सरकारी माणूस आत शिरतो, हा लोकांना अपमान वाटे. १६८९ साली ती रद्द झाली. घराची संपन्नता शेकोट्यांच्या संख्येवरून मोजली जात होती, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

इंग्रजी साहित्यात या शेकोटीचे स्थान किती मोठे आहे हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेत स्क्रूजचा कंजूषपणा आपल्याला प्रथम दिसतो तो कोळशातून. कारकुनाच्या शेकोटीत जेमतेम एक निखारा असतो आणि कोळशाची पेटी मालकाने स्वतःच्या खोलीत ठेवलेली असते. उष्णतेचे वाटप आणि सत्तेचे वाटप एकच आहे, हे त्या कथेने कोणत्याही सिद्धांताशिवाय दाखवून दिले आहे.

पण उघडी शेकोटी ही उष्णतेच्या दृष्टीने फार उधळी व्यवस्था होती. निर्माण झालेल्या उष्णतेतला मोठा वाटा धुरांड्यातून आकाशात जाई, आणि त्या ओढीने बाहेरची थंड हवा दाराखालच्या फटीतून आत येई. समोरून भाजावे आणि पाठीमागून गारठावे, असा तो अनुभव. तिथे धग होती, ऊब कमी होती. मध्य व उत्तर युरोपातील लोकांनी याला वेगळे उत्तर शोधले होते. मातीच्या भाजलेल्या चकचकीत फरशांनी मढवलेल्या मोठ्या शेगड्या दिवसातून एकदोनदा पेटवल्या जात, आणि त्यांचे जड अंग ती उष्णता तासन्‌तास हळूहळू सोडत राही. कमी तापमान, मोठा पृष्ठभाग, दीर्घ काळ : ही सूत्रे पुढे पुन्हा भेटणार आहेत.

३

एकोणिसाव्या शतकात अग्नी खोलीतून तळघरात गेला आणि खोलीत आले पाणी किंवा वाफ. ब्रिटनमध्ये अँजिअर मार्च पर्किन्स याने १८३० च्या दशकात बारीक जाडजूड नळ्यांतून अतितप्त पाणी खेळवण्याची पद्धत आणली. सेंट पीटर्झबर्गमधील फ्रान्झ सान गाली या कारखानदाराने १८५० च्या दशकात ओतीव लोखंडाचा रेडिएटर घडवला. शतकाअखेरीस अमेरिकेत रेडिएटर हे मोठ्या उद्योगाचे उत्पादन झाले. नाव मात्र फसवे राहिले. 'रेडिएटर' म्हणजे प्रारण करणारा, किरणांनी उष्णता फेकणारा. प्रत्यक्षात आजचा पत्र्याचा रेडिएटर बरीचशी उष्णता त्याला लागून वर चढणाऱ्या हवेतून देतो.

या टप्प्यावर एक आकडा घरांत कायमचा वस्तीला आला. ब्रिटिश पद्धतीत बॉयलरमधून पाणी ८२ अंश सेल्सिअसला निघावे आणि ७१ अंशांना परतावे, असा प्रघात पडला. हे आकडे चमत्कारिक वाटतात, कारण ते मुळात फॅरनहाइटमधले आहेत : १८० आणि १६०. पण एवढे तापलेले पाणी हवेच कशाला? खोली तर जेमतेम २० अंशांवर ठेवायची असते.

कारणे दोन-तीन होती, आणि त्यांतले एकही माणसाच्या शरीराशी संबंधित नव्हते. आरंभीच्या काळात पाणी फिरवायला विजेचा पंप नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढे, थंड झालेले जड होऊन खाली येई, आणि तापमानातला फरक मोठा असेल तरच हे चक्र जोमाने फिरे. दुसरे, बॉयलरकडे परतणारे पाणी फार थंड असेल तर ज्वलनाच्या धुरातील वाफेचे बॉयलरच्या आतच पाणी होई, त्यात गंधकाचे आम्ल मिसळे, आणि लोखंड कुजे. म्हणून बॉयलर सतत तप्त ठेवणे भाग होते. तिसरे, पाणी जितके तप्त तितका रेडिएटर लहान चाले, आणि लोखंड महाग होते. तेव्हा ८० अंश ही माणसाची गरज नव्हती. ती अग्नीची गरज होती. पुढे पंप आले, गंधकाचा धूर गेला, पण सवय उरली. वाङ्मयाच्या इतिहासातही रूढी अशाच टिकतात. कारण नाहीसे होते, संकेत राहतो.

४

ज्या काळात तळघरातले बॉयलर रुळत होते, त्याच काळात उष्णतेविषयीचा एक पूर्णपणे वेगळा विचार कागदावर आकार घेत होता. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली अग्नीच्या चालकशक्तीवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. वाफेच्या यंत्रात उष्णता वरच्या तापमानाकडून खालच्या तापमानाकडे 'पडते' आणि त्या पडण्यातून काम मिळते, जसे धबधब्याच्या पाण्यातून मिळते, असे त्याने मांडले. १८३२ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, पटकीच्या साथीत तो गेला. त्याचे पुस्तक त्याच्या हयातीत फारसे कोणी वाचले नाही.

पाणी खाली पडताना काम देते, तर काम देऊन पाणी वर चढवताही येते. हा उलटा विचार आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही, कारण मोट म्हणजे दुसरे काय? ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या विल्यम टॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, १८५२ साली नेमकी ही मोट उष्णतेसाठी सुचवली. इमारती हवेच्या प्रवाहाने गरम किंवा थंड करण्याच्या काटकसरीवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध आहे. कोळसा सरळ शेकोटीत जाळण्याऐवजी त्यावर यंत्र चालवा, आणि त्या यंत्राकडून बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उपसून घरात आणा; जाळून मिळाली असती त्याहून अधिक उष्णता घरात येईल, हा त्याचा हिशेब होता. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

थंड हवेत उष्णता असते, ही कल्पना पचायला जड जाते, कारण येथेही आपण तापमान आणि उष्णता यांची गल्लत करतो. शून्य अंशाच्या हवेतही भरपूर उष्णता आहे. ती फक्त खोल विहिरीतल्या पाण्यासारखी खाली आहे. घरातला फ्रिज हेच करतो. आतल्या दुधाभाजीतली उष्णता उपसून तो मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात टाकतो, म्हणून ती जाळी गरम लागते. फार कमी तापमानाला उकळणारा एक द्रव बाहेरच्या हवेतली किंवा पाण्यातली उष्णता पिऊन वाफ होतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्याने ती तापते, आणि घरातल्या पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. वीज खर्ची पडते ती उष्णता निर्माण करायला नव्हे, वर ओढायला.

मोटेचे रूपक आपल्याला आणखी एक पाऊल पुढे नेते, आणि ते पाऊल निर्णायक आहे. पाणी तेवढेच असले तरी विहीर दुप्पट खोल असेल तर बैलांना धावेवर दुप्पट ओढावे लागते. उष्णतेच्या मोटेत विहिरीची खोली म्हणजे बाहेरचे तापमान आणि रेडिएटरमधल्या पाण्याचे तापमान यांतले अंतर. कार्नोच्या नियमाप्रमाणे हिशेब करू. बाहेर शून्य अंश आहेत. पाणी ७० अंशांना न्यायचे असेल तर आदर्श यंत्र विजेच्या एका भागात उष्णतेचे सुमारे ४.९ भाग देईल. ४५ अंशांना न्यायचे असेल तर सुमारे ७. आणि ३५ अंशांना न्यायचे असेल तर सुमारे ८.८. प्रत्यक्षातली यंत्रे या आदर्शाच्या साधारण निम्म्यापर्यंत पोहोचतात, म्हणजे अनुक्रमे दोन-अडीच, साडेतीन आणि चारच्या आसपास. तेव्हा हीट पंप चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तो किती खोल विहिरीवर बसवला आहे, हे विचारायला हवे. आणि ती खोली भिंतीवरचा रेडिएटर ठरवतो.

५

टॉमसनचा निबंध सुमारे पाऊण शतक जवळजवळ कागदावरच राहिला. ऑस्ट्रियात पेटर रिटिंगरने १८५० च्या दशकात एबेनझे येथील मिठागरात वाफ दाबून उष्णता पुन्हा वापरण्याचा प्रयोग केला होता, पण तो उद्योगातला. घरासाठी हा विचार उचलला तो स्कॉटिश अभियंता ग्रेम हॉल्डेनने. स्वतःच्या घरात हीट पंप चालवून त्याने १९३० साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. १९३८ साली झ्युरिकच्या सतराव्या शतकातील नगरभवनात लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा हीट पंप बसला. क्षमता सुमारे १०० किलोवॅट, पाणी ६० अंशांपर्यंत. तो २००१ सालापर्यंत, म्हणजे ६३ वर्षे, तेथे होता. ज्याला आज काही लोक 'अजून न तपासलेले तंत्र' म्हणतात, त्याचा हा वयाचा दाखला. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा कोळसा नव्हता आणि डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याची वीज होती. म्हणजे हीट पंप तेथे रुजला तो केवळ कल्पकतेमुळे नव्हे, गरजेमुळे.

ब्रिटनमधली कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. १९४५ साली नॉरिच शहराच्या वीजखात्याचे अभियंते जॉन समनर यांनी युद्धोत्तर तुटवड्यात मिळतील ते जुने यंत्रभाग जोडून, वेन्सम नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप उभा केला. त्याचे पाणी रेडिएटरमध्ये जेमतेम ५० अंशांच्या आसपास जात असे, आणि विजेच्या एका भागात हंगामाची सरासरी उष्णता साडेतीनच्या जवळपास मिळाली. आजच्या अनेक घरांना हेवा वाटावा असा तो आकडा आहे. समनर यांनी मर्म ओळखले होते : पाणी कमी तापवा.

त्याच वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, जॉर्ज ऑर्वेलने एका वृत्तपत्रात उघड्या शेकोटीची बाजू मांडणारा लेख लिहिला. युद्धानंतर लाखो घरे बांधली जाणार होती आणि त्यांत शेकोटी असावी की नको, हा प्रश्न होता. शेकोटी उधळी आहे, कष्टाची आहे, हे ऑर्वेल नाकारत नाही. पण ती कुटुंबातल्या लहानमोठ्यांना संध्याकाळी एका खोलीत, एका वर्तुळात बसवते. सगळ्या खोल्या सारख्या गरम झाल्या की माणसे पांगतील, हा त्याचा मुद्दा. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या या लेखकाने आठ वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडच्या कोळसा खाणींत उतरून खाणकामगारांच्या जिण्याचे वर्णन केले होते. शेकोटीतल्या एकेका ढेकळाची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? तरीही तो शेकोटीच्या बाजूने उभा राहतो. या विसंगतीला हसण्याचे कारण नाही. घर तापवण्याच्या पद्धतीवर घरातल्या नात्यांची रचना अवलंबून असते, हे त्याने पाहिले होते. तंत्रज्ञांनी लोकांच्या घरात बदल सुचवताना हीच गोष्ट वारंवार नजरेआड केली आहे.

१९५१ च्या ब्रिटन महोत्सवासाठी लंडनमध्ये उभारलेल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये थेम्सच्या पाण्यावरचा हीट पंप बसला, विमानाच्या इंजिनापासून घडवलेल्या यंत्रांनी चालणारा. पण त्याची क्षमता इमारतीच्या गरजेपेक्षा फार मोठी निघाली आणि काही काळाने तो बंद झाला. यंत्राचे तत्त्व खोटे नव्हते, माप चुकले होते. लोकांच्या मनात राहिले ते मात्र अपयश.

६

डिसेंबर १९५२ च्या पाच दिवसांत लंडनवर बसलेल्या विषारी धुक्याने हजारोंचे बळी घेतले आणि १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला. कोळशाची शेकोटी विझू लागली. समनर यांच्या कल्पनेला ही संधी होती. पण १९६५ साली उत्तर समुद्राच्या ब्रिटिश भागात नैसर्गिक गॅस सापडला, आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांची उपकरणे, घरोघर जाऊन, नव्या गॅससाठी बदलली गेली. एवढे मोठे घरगुती स्थित्यंतर एका पिढीच्या आठवणीतले आहे, हे आजच्या वादात सोयीस्करपणे विसरले जाते.

स्वस्त गॅसने ब्रिटिश घराला रेडिएटर दिला, पण सोबत काही सवयीही दिल्या. बॉयलर गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट ताकदीचा बसवायचा, पाणी ७०-८० अंशांवर ठेवायचे, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास घर तापवायचे, मधल्या वेळेत गार पडू द्यायचे. हा शेकोटीचाच संस्कार होता. अग्नी दिसेनासा झाला, तरी पेटवण्या-विझवण्याची लय तीच राहिली. कोणत्या खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब करण्याची कारागिराला गरज उरली नाही, कारण बॉयलरची ताकद सगळ्या चुका झाकून टाकी. संपन्नता अज्ञान कसे पोसते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. १९७० च्या दशकात काही घरांत पैसे आणि खोदकाम वाचवण्यासाठी ८ ते १० मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्याही घातल्या गेल्या. पुढे पाणी लागेल तसे तापवणारे छोटे बॉयलर आले आणि घराघरातल्या गरम पाण्याच्या टाक्या काढून टाकल्या गेल्या. हीट पंपाला ती टाकी पुन्हा हवी असते. तिची जागा आता कपड्यांच्या कपाटाने घेतलेली असते.

एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर धुरातल्या वाफेचे पाणी करून तिची उष्णता वसूल करणारा असावा, असे बंधन आले. पण परतणारे पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असेल तरच ही वसुली होते. रेडिएटर जुन्याच आकड्यांवर चालवल्याने असंख्य घरांत ती पुरेशी झालीच नाही. म्हणजे पाणी कमी तापवण्याचा सल्ला हीट पंपाच्या आधीपासून गॅसच्या घरालाही लागू होता. तो ऐकला गेला नाही एवढेच.

तेलटंचाईच्या १९७३ आणि १९७९ च्या धक्क्यांनी हीट पंप पुन्हा आठवला. पश्चिम जर्मनीत १९८० च्या सुमारास त्याची लाट आली, पण घाईने आणि अर्धवट ज्ञानाने केलेली कामे फसली, तेल पुन्हा स्वस्त झाले, आणि लाट ओसरली. स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. कारागिरांचे शिक्षण, यंत्रांची सार्वजनिक चाचणी आणि स्थिर धोरण यांवर त्यांनी भर दिला. आज युरोपात दर घरामागे सर्वाधिक हीट पंप नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या सर्वांत थंड देशांत आहेत. त्यांतले पुष्कळसे सरळ हवा तापवणारे आहेत, रेडिएटरचे पाणी नव्हे, हे येथे नमूद करायला हवे. तरीही 'थंडीत हा पंप चालत नाही' या समजाला त्यातून उत्तर मिळते.

७

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भिंतीवरच्या जुन्या रेडिएटरला कमी तापलेले पाणी दिले तर काय होते?

युरोपीय मानकाप्रमाणे रेडिएटरची क्षमता पाणी ७५ अंशांना आत, ६५ अंशांना बाहेर आणि खोली २० अंशांवर असे धरून सांगितली जाते. म्हणजे पाण्याची सरासरी ७० आणि खोलीशी अंतर ५० अंशांचे. पाण्याची सरासरी ४५ वर आणली तर अंतर निम्मे, २५ होते. पण उष्णता निम्म्याहूनही कमी, सुमारे ४० टक्के मिळते, कारण रेडिएटरला लागून चढणारी हवाही मंदावते. एक हजार वॅटचा रेडिएटर चारशे वॅटचा होतो. हीट पंपाच्या विरोधकांचा सगळा युक्तिवाद या आकड्यावर उभा आहे, आणि आकडा खरा आहे.

पण संहितेचे वाचन येथे थांबत नाही. तो हजार वॅटचा रेडिएटर ज्या घरासाठी मोजला गेला, ते घर आज तेच आहे का? मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत पुष्कळ घरांच्या माळ्यावर लोकर अंथरली गेली, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, पोकळ भिंती भरल्या गेल्या. घराची गरज घटली, रेडिएटर तेवढाच राहिला. शिवाय कारागिराने तो मुळात हात सैल सोडून मोठाच बसवला होता. जुन्या काळच्या उधळपट्टीने आजच्या काटकसरीसाठी नकळत जागा करून ठेवली, असे म्हणता येईल. ज्या घरांत असे झालेले नाही, तेथेही बहुधा सगळे रेडिएटर बदलावे लागत नाहीत. एकेरी पत्र्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा दुहेरी, मधे पन्हळी पत्रे असलेला रेडिएटर कमी पडणाऱ्या एकदोन खोल्यांत बसवला तरी भागते. अर्थात अडचणी खऱ्याही आहेत. हीट पंपाच्या पाण्यात जाता-येता पाच-सात अंशांचाच फरक ठेवतात, म्हणून तेवढ्याच उष्णतेसाठी पाणी सुमारे दुप्पट वाहवावे लागते, आणि त्या बारीक नळ्या तेथे आड येतात.

हे ओळखण्याची एक साधी कसोटी ब्रिटन आणि जर्मनी दोन्हीकडे सांगितली जाते. वर्षातल्या अगदी थंड दिवसांत आपल्या जुन्या बॉयलरचे पाणी ५५ अंशांवर आणून ठेवावे आणि घर दिवसभर न विझवता चालवावे. खोल्या उबदार राहिल्या तर ते घर तयार आहे. एखादी खोली गार राहिली तर कोणता रेडिएटर बदलायचा ते कळते. यंत्र विकत न घेता, पैसा न दवडता करता येण्याजोगा हा प्रयोग आहे, आणि गॅसचीही त्यात बचतच होते.

मोजमापेही उपलब्ध आहेत. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांतील हीट पंपांचा अभ्यास २०२० साली पुरा केला. हवेवर चालणाऱ्या पंपांची सरासरी ३.१ आणि जमिनीतून उष्णता घेणाऱ्यांची ४.१ भरली, जमिनीखाली नळ्या घालणे ही पूर्वअट नाही, साधे रेडिएटरही चालतात, असे त्यातून दिसले. ब्रिटनमध्ये वेगवेगळ्या वयाच्या आणि प्रकारच्या ७४२ घरांत केलेल्या प्रयोगात हवेवरच्या पंपांचा मध्यक २.८ च्या आसपास आला. जर्मन सरासरी आणि ब्रिटिश मध्यक यांतला हा फरक यंत्रांचा कमी आणि मांडणीचा, पाण्याच्या तापमानाचा, कारागिरीचा अधिक असावा, असे आम्हांला वाटते.

८

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपचा गॅस महागला. हीट पंप एका वर्षात तांत्रिक नियतकालिकांतून पहिल्या पानावर आला. जर्मनीने २०२३ साली नव्या तापनव्यवस्थांत ६५ टक्के नवीकरणीय ऊर्जेची अट घालणारा कायदा केला. त्यावरून सत्ताधारी आघाडीत भांडणे झाली, जुलैमध्ये घटनात्मक न्यायालयाने घाईचे मतदान रोखले, आणि सप्टेंबरमध्ये तो संमत झाला. लोकांना तो 'तळघरात शिरणारा कायदा' वाटला. आम्हांला येथे १६६२ ची चूलपट्टी आठवल्यावाचून राहत नाही. २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने तो रद्द करण्याचे आपल्या करारातच लिहिले. ब्रिटनने सक्तीऐवजी अनुदानाचा मार्ग धरला : २०२२ मध्ये ५ हजार पौंड, २०२३ च्या ऑक्टोबरपासून साडेसात हजार.

पण अनुदानाने एक गाठ सुटत नाही. ब्रिटनमध्ये अलीकडच्या वर्षांत विजेचे एक एकक गॅसच्या एककापेक्षा सुमारे चौपट महाग राहिले आहे. गॅस बॉयलर शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग उष्णता देतो असे धरले, तर हीट पंपाने साडेतीनपट उष्णता दिली तरच महिन्याचे बिल बरोबरीत येते. २.८ चा मध्यक म्हणजे अर्ध्याहून अधिक घरांत धूर कमी झाला, पण खर्च वाढला. घरमालकाला अनुदान मिळते आणि बिल भाडेकरूला येते, ही आणखी एक गुंतागुंत. डिकन्सच्या कारकुनाचा प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो : कोळशाची पेटी कोणाच्या खोलीत आहे?

म्हणून रेडिएटरमधल्या पाण्याचे तापमान ही किरकोळ तांत्रिक बाब राहत नाही. पाणी एका अंशाने उतरवले तर वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाचते. ५५ वरून ४५ वर आले की त्याच यंत्राचा हिशेब तोट्याकडून बरोबरीकडे सरकतो. हे दहा अंश मिळवायला नवा शोध लागत नाही. प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशेब करणारा कारागीर लागतो, कमी पडणारा एखादा रेडिएटर बदलावा लागतो, आणि घरच्या माणसांना एक सवय सोडावी लागते. रेडिएटरला हात लावून तो चटका देत नाही म्हणजे बिघडला, असे समजण्याची ती सवय. हीट पंपाच्या घरात रेडिएटर केवळ कोमट लागतो आणि खोली उबदार असते. दोन शतके धगेवर वाढलेल्या समाजाला हा अनुभव अविश्वसनीय वाटला तर नवल नाही. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो कदाचित लवकर उमगेल, कारण त्यासाठी लागणारा शब्द त्यांच्या भाषेत आधीपासून आहे.

या इतिहासातून आम्ही एवढेच म्हणू, की तत्त्व १८५२ मध्ये, मोठ्या इमारतीतला नमुना १९३८ मध्ये आणि साध्या रेडिएटरवरचा यशस्वी प्रयोग १९४५ मध्ये हाती असूनही युरोपचे बहुतेक घर २०२२ पर्यंत ज्वलनावरच राहिले. अडसर ज्ञानाचा नव्हता. स्वस्त इंधनाने ते ज्ञान अनावश्यक ठरवले होते. पुढचे संकट ओसरले आणि गॅस पुन्हा स्वस्त झाला, तर १९८० च्या जर्मनीसारखे पुन्हा विस्मरण होणार का, की या वेळी कारागिरांच्या शिक्षणावर आणि विजेच्या दरावर टिकाऊ काम होणार, हे त्या त्या समाजांना ठरवायचे आहे. रेडिएटर मात्र भिंतीवर आहेतच, आणि त्यांतले पुष्कळ, आपल्याला वाटते त्यापेक्षा, या कामासाठी तयार आहेत.